टेकडीच्या दारातलं उलथणं

फोन आला तेव्हा श्रीदेवी माझ्या ओट्याशी उभी राहून चहा गाळत होती. रविवारी सकाळी ती माझ्याकडे येते आणि चहा स्वतःच करते, कारण माझा चहा तिला पाणचट लागतो. फोन महानंदाचा होता. ती इतक्या मोठ्याने बोलत होती की मला खुर्चीत बसून सगळं ऐकू येत होतं.

"अक्का, लगेच या की. रुद्रभूमीत. सिद्धी उठंना. घरातलं उलथणं मातीत खुपसून बसलीय. म्हणती, दार उघडं ठेवलंय. तुमचंच नाव घ्यालीय."

श्रीदेवीने गॅस बंद केला. गाळणी पातेल्यातच राहिली. चपला घालताना तिचा उजवा पाय डाव्या चपलेत गेला, तो तिने काढला आणि पुन्हा डाव्याच चपलेत घातला. बत्तीस वर्षं आमच्या शाळेच्या वाचनालयात तिने पुस्तकं लावली, एक पुस्तक कधी चुकीच्या कप्प्यात गेलं नाही. तेव्हा मी समजले की हे काही साधं नाही. मीही निघाले.

सिद्धी म्हणजे सिद्धेश्वरी, आमच्या गल्लीतली, तिसरीत शिकणारी. तिचे वडील चन्नवीर विजेच्या मोटारी रिवाइंड करायचे. गेल्या पावसाळ्यात डेंग्यूचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत ते गेले. लिंगायतांच्या चालीप्रमाणे त्यांना जाळलं नाही. बसवून, अंगाला विभूती लावून, हातात त्यांचं रोजच्या पूजेचं इष्टलिंग देऊन रुद्रभूमीत, म्हणजे समाजाच्या दफनभूमीत, मातीत ठेवलं. आता त्या जागेवर विटांचा कट्टा बांधून झाला होता. आज त्यावर सिमेंटचा थर ओतायचा आणि पुढच्या सोमवारी स्वामी येऊन वर लिंग बसवणार, असं ठरलेलं होतं.

रिक्षात सम्राट चौक मागे पडल्यावर श्रीदेवीने माझा हात धरला.

"बाई, तुमी होताव की त्या शनिवारी. तिनं मला काय विचारलं होतं, आठवतंय?"

मला आठवलं.

श्रीदेवीचा मुलगा गुरुशांत स्कॉटलंडमध्ये नोकरीला आहे. सुनेच्या बाळंतपणासाठी ती एक हिवाळा तिकडे राहून आली. दुपारी तीनला अंधार पडणारा तो गाव, आणि घरात करायला काही नाही. तेव्हा सून तिला जवळच्या वाचनालयात नेऊन बसवायची. तिथे दर आठवड्याला एक म्हाताऱ्या बाई मुलांना त्या मुलखातल्या जुन्या गोष्टी सांगत. सून कानात कुजबुजून अर्थ सांगे. हिरव्या टेकडीच्या पोटात राहणारे लोक, सील या समुद्रातल्या प्राण्याची कातडी उतरवून बाई होणाऱ्या आणि एक दिवस पुन्हा समुद्रात जाणाऱ्या बायका, बुडालेले कोळी. जवळजवळ प्रत्येक गोष्टीत कुणीतरी मरायचं, आणि प्रत्येक गोष्टीत कुठेतरी देवाचं नाव यायचं.

श्रीदेवीने ते शब्द न शब्द लक्षात ठेवलं. पण तिला ते पटलं मात्र नाही. शेवटच्या दिवशी तिने सुनेकरवी त्या बाईंना विचारलंच, "एवढ्याएवढ्या लेकरांना माणूस मेला म्हणून सांगतात, तर ती रात्री झोपतात का?" त्या बाई म्हणाल्या, "आमची मुलं चर्चमागच्या थडग्यांवर बसून डबा खातात. गोष्ट संपली की मला बिस्किटं मागतात."

"तिथली पोरं दांडगी बाई," श्रीदेवी मला परत आल्यावर म्हणाली होती. "आपली न्हाई झोपायची."

म्हणून इथे आल्यावर तिने शेवट बदलले. दर शनिवारी दुपारी आमच्या गल्लीतल्या समाजमंदिरात ती मुलं गोळा करायची. समुद्रात गेलेली बाई दिवाळीला परत यायची. बुडालेले कोळी पोहत घरी यायचे. सगळे शेवटी जेवायला बसायचे. मी तिला चिडवायची, "तुझ्या स्कॉटलंडात कुणी मरतच नाही गं."

"तिथं मरतेत," ती म्हणायची. "मी विमानातनं काखेत धरून आणलंय त्यांना. हितं कसं मरू देऊ?"

त्या शनिवारची गोष्ट एका सारंगीवाल्याची होती. तिकडच्या वाद्याचं नाव वेगळं, पण श्रीदेवीने त्याची सारंगी केली होती. टेकडीतले लोक त्याला वाजवायला आत घेऊन गेले आणि दार मिटलं. त्याचा भाऊ वर्षभर त्या दारापाशी थांबला. वर्षाने दार पुन्हा किलकिलं झालं, तेव्हा त्याने सुरी चौकटीत खुपसली. त्या लोकांना लोखंडाची भीती. लोखंड असेल तर दार मिटत नाही. भावाने आत हात घातला, सारंगीवाल्याला ओढून बाहेर काढलं, दोघं घरी आले, आईने गरम गरम वाढलं.

मुलं उठली, तेव्हा सिद्धी मागे राहिली. तिने एकच विचारलं, "अव्वा, ती आतली माणसं निजलेली असतात की बसलेली?"

"बसलेली," श्रीदेवी सतरंजी झटकत म्हणाली. "पंगतीला बसल्यागत."

सिद्धी मान हलवून गेली. आम्हा दोघींपैकी कुणालाही त्यात काही वाटलं नव्हतं.

रुद्रभूमीच्या फाटकाशी वीरभद्रप्पा उभे होते. चन्नवीरचे थोरले भाऊ, सिद्धीचे दोड्डप्पा, बाजार समितीत अडतीचं काम करणारे, मोठ्या आवाजाचे. त्यांनी उजव्या मनगटाला रुमाल बांधला होता.

"उचलायला गेलो तर चावली," ते म्हणाले. मग श्रीदेवीकडे वळले. "काय शिकवालाव हो अक्का, पोरीस्नी? आमच्या भावाला समाधीत बसवलंय. त्येला तुमी भुताच्या टेकडीत नेऊन बसवलं."

श्रीदेवी चालतच राहिली.

कडुनिंबापलीकडे तो कट्टा होता. कमरेच्या खाली येईल एवढी विटांची चौकट, आत सारखी केलेली माती आणि त्या मातीवर गुडघे टेकून बसलेली सिद्धी. शाळेचा जुना फ्रॉक, एक वेणी सुटलेली. तिने उलथण्याचं दांडकं मातीत मुठीएवढं खोल खुपसलं होतं. वर राहिलेलं पातं तिने दोन्ही हातांत गच्च धरलं होतं. भाकरी उलटून उलटून झिजलेलं, कडेला धार आलेलं पातं. मी जवळ गेले तेव्हा दिसलं, डाव्या हाताच्या बोटांमधून रक्त येत होतं. थोडंच होतं, पण येत होतं.

"ओढलं की हात कापतोय," महानंदा म्हणाली. ती विटांना टेकून उभी होती. रडून झालेला चेहरा होता तिचा. "दोन दिवस झाले, बापाचं लोहचुंबक घेऊन घरभर हिंडालीय. ताटं, तांबे, पळ्या, सगळ्याला लावून बघितलं. मला वाटलं खेळालीय. स्टीलला चिकटंना, ह्येला चिकटलं."

बाजूला पत्र्यावर सिमेंट, वाळू, खडी कालवून ठेवलेली होती. कुंडलिक गवंडी फावड्याने ती पुन्हा पुन्हा उलटी करत होता, वर पाणी शिंपडत होता.

"बाई, ऊन बघा," तो मला हळूच म्हणाला. "माल धरायला लागलाय. आता टाकला तर टाकला, न्हायतर दगड होणार."

"ऐकलंस का सिद्धी?" वीरभद्रप्पा ओरडले. "गवंडीमामाचा माल वाया चाललाय. ऊठ."

"टाकू नका," सिद्धी म्हणाली. तिचा आवाज बसलेला होता. "सिमेंट टाकलं की दार बंद. मग न्हाय उघडत."

वीरभद्रप्पांनी विटांवर पाय ठेवला. त्याच क्षणी सिद्धीने पातं आणखी आवळलं. महानंदाने दिरांचा सदरा मागून धरला. "नको, अण्णा. नको. बोटं जातील तिची."

फक्त फावड्याचा आवाज येत होता, आणि तो दर वेळी जड होत चालला होता.

श्रीदेवीने चपला काढल्या. वीरभद्रप्पा तिच्याजवळ वाकले. आता त्यांचा आवाज खाली आला होता, आणि मला जाणवलं की हा माणूस रागावलेला नाही, घाबरलेला आहे.

"अक्का, तुमचं ऐकंल ती. सांगा, अप्पा कवाच निघून गेला म्हणून. मागल्या दारानं. देवाकडं गेला म्हणा. एका वाक्यात काम हुतंय."

"काहीबी सांगा," महानंदा म्हणाली. "पण हात सुटू दे तिचा."

श्रीदेवी विटांवरून आत चढली आणि सिद्धीसमोर मातीत मांडी घालून बसली. तिला गुडघेदुखी आहे, मांडी घालायला वेळ लागतो. सिद्धी तिच्याकडे बघत होती. आपलं माणूस आलं की चेहऱ्यावर जो धीर येतो, तो तिच्या चेहऱ्यावर आला होता. तेच मला बघवेना.

"अव्वा, बरं झालं आलाव," ती म्हणाली. "दार लई घट्ट हाय. आणखी आत ढकलू का? का वर्ष व्हावं लागतं?"

श्रीदेवीने तोंड उघडलं. मी तिला चाळीस वर्षं ओळखते. तिच्या ओठांवर ते मागलं दार आलं होतं, हे मला दिसलं. अगदी सोपं होतं. गेली दोन वर्षं ती दर शनिवारी तेच करत होती. तिने तोंड मिटलं. पदराने घाम पुसला.

"सिद्धी," ती म्हणाली, "ती गोष्ट पुरी न्हवती."

"कंची?"

"सारंगीवाल्याची. मी शेवट सांगितलाच न्हाय तुमाला."

"सांगितलाव की. आईनं जेवायला वाढलं."

"ते मी घातलेलं. तिकडच्या गोष्टीत तसं न्हाय."

सिद्धीच्या कपाळाला आठी पडली. पातं तिच्या हातात होतंच.

"मग कसं हाय?"

"भावानं सुरी लावली, ओढून बाहेर काढलं, तितपत्तोर खरं. सारंगीवाल्याला वाटालतं, आपण एकच गत वाजवली. भाऊ त्याला देवळात घेऊन गेला. चर्च म्हणतेत ते. आत सगळं गाव बसलेलं. त्यांच्या स्वामींनी देवाचं नाव घेतलं. ते नाव त्याच्या कानावर पडलं, आणि..." श्रीदेवी थांबली.

"आणि काय?"

"माती झाला."

"कोण?"

"सारंगीवाला. उभ्या उभ्या. भावाच्या हातात त्याचं मनगट होतं, तिथं मूठभर माती राहिली."

कुंडलिकचं फावडं थांबलं होतं. वीरभद्रप्पा पुटपुटले, "अहो अक्का, काय हे." महानंदाने हाताने त्यांना गप्प केलं.

"का?" सिद्धीने विचारलं.

"तो आत गेला त्याच दिवशी मेला होता. सगळ्या गावाला माहीत होतं. भावाला खरं वाटत न्हवतं. म्हणून तर तो वर्षभर दारात बसला."

"मग लोखंडानं काय झालं?"

"लोखंडानं दार उघडं राहिलं. माणूस परत आला न्हाय."

सिद्धी खाली मातीकडे बघत राहिली. पात्यावरून रक्ताचा एक थेंब घसरला आणि मातीत जिरला. ती आता रडेल, असं मला वाटलं. ती रडली नाही. तिने डोकं वर केलं आणि गेल्या पावसाळ्यापासून त्या घरात कुणीही न उच्चारलेला शब्द उच्चारला.

"अप्पाबी मेलाय?"

घरात सगळे म्हणायचे, अप्पा लिंगैक्य झाला, शिवाकडे गेला, ध्यानाला बसलाय. मोठ्यांना त्याचा अर्थ ठाऊक होता.

श्रीदेवीने नजर काढली नाही. "व्हय, बाळा. मेलाय."

महानंदाच्या तोंडून एक आवाज निघाला.

"मेलाय, तर मग बसलाय कशाला?" सिद्धीचा आवाज चढला. "आई म्हणाली, बसलाय. हातात लिंग घेऊन बसलाय. मेलेलं माणूस बसतंय का?"

श्रीदेवी पुढे वाकली.

"आपल्यात तसं बसवतेत," ती म्हणाली. "आपण बसवतो. तो आपणहून बसत न्हाय. जन्मभर सकाळी आंघोळ करून तो काय करायचा?"

"लिंगपूजा."

"कसा बसायचा?"

सिद्धीने मान ताठ केली. दाखवायचं म्हणून तिचा डावा हात पात्यावरून सुटला आणि मांडीवर उताणा आला. बोटांवर एक चीर होती, फार खोल नव्हती. "असा. हातावर ठेवून. तवा त्येला हाक मारायची न्हाय."

"तसंच बसवलं त्याला. जे लिंग आयुष्यभर हातात धरलं, त्याच्यात मिळून जावा म्हणून. आपल्यासाठी न्हाय बसलेला तो. हाक मारली तर येईल, असा न्हाय बसलेला."

"मग मिळून गेला का?"

"मी तसं मानते."

"बघितलाव?"

"न्हाय," श्रीदेवी म्हणाली. "कुणीच बघितलेलं न्हाय. मानते."

सिद्धीचा एक हात अजून पात्यावर होता. मग तिने आईकडे बघितलं.

"लिंग हातात कुणी दिलं?"

महानंदा विटांवरून आत आली. श्रीदेवी सरकली. तिघी त्या एवढ्याशा जागेत गुडघ्याला गुडघा लावून बसल्या.

"स्वामींनी सांगितलं तसं मीच दिलं," महानंदा म्हणाली. "डाव्या हातात. बोटं मिटत न्हवती. मी दोन्ही हातांनी मिटवली. मग बेल वाहिला, विभूती भरली."

"मग?"

"मग सगळ्यांनी माती टाकली. एकेक मूठ. तुझा दोड्डप्पा, आत्या, दुकानातला मल्लप्पा, गल्लीतले सगळे."

"मी कुटं होते?"

महानंदाने खाली बघितलं. "शेजारी. मोबाईलवर कार्टून लावून बसवलं होतं तुला."

"सगळ्यांनी टाकली?"

"व्हय."

"माझीच राहिली," सिद्धी म्हणाली.

वीरभद्रप्पांनी तोंड फिरवलं आणि कडुनिंबाकडे चालत गेले. जाताना रुमालाची गाठ सोडून त्याच रुमालाने त्यांनी डोळे पुसले.

सिद्धीने उजवा हातही सोडला. मग दोन्ही हातांनी, पण आता पात्याच्या चपट्या अंगाला धरून, ती उलथणं वर ओढू लागली. श्रीदेवीने मदतीला हात पुढे केला, तो महानंदाने हलकेच अडवला. दांडकं हिसक्याने बाहेर आलं आणि सिद्धी मागे आईवर पडली. मातीत बोटभर रुंदीची फट राहिली. ती वाकून त्या फटीत बघत होती. आत अंधार होता, एवढंच. तिने कडेची माती मुठीत घेतली, थोडी विभूती तिच्या आईने स्वतःच्या कपाळाची पुसून त्यात मिसळली, आणि सिद्धीने ती मूठ फटीत सोडली. पुरली नाही. तिने आणखी एक घेतली. मग तळव्याने वरून थापटलं, भाकरी थापतात तसं.

तेव्हा ती रडली. आईच्या मांडीत तोंड खुपसून, मोठ्याने. ते ऐकून मला हायसं वाटलं, हे लिहायला विचित्र वाटतं, पण तसंच झालं.

कुंडलिकने पत्र्यावरचा माल फावड्याने टोकरून बघितला. ठण्ण असा आवाज आला. "हा गेला," कुणालाही उद्देशून न बोलल्यासारखं तो म्हणाला. "नवीन कालवतो. तवर पोरीचा हात धुवा कुणीतरी." आणि बादली घेऊन नळाकडे गेला. वीरभद्रप्पा त्याच्यामागे सिमेंटचं पोतं उचलायला गेले.

नवा थर पडताना सिद्धी आईच्या कडेला उभी होती. हाताला श्रीदेवीच्या पदराची पट्टी बांधलेली. थर सारखा झाल्यावर तिने उलथण्याची माती फ्रॉकला पुसली आणि ते आईला दिलं.

"संध्याकाळी लागंल," ती म्हणाली.

घरी येऊन मी चहा केला. पाणचटच झाला होता. तिने तोच घेतला.

"शनिवारी पोरं येणार न्हाईत बाई," ती म्हणाली. "वीरभद्रप्पा बोलला नसला तरी बाकीचे बोलतील. मेलेल्यांच्या गोष्टी सांगती म्हणतील."

"सांगणार आहेस का?"

तिने बशी उलटी घातली. "आता काखेत किती दिवस धरू त्यास्नी?"

शनिवारी नेहमीच्या निम्मी पोरं आली. दोन आया दारात उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत, पण गेल्याही नाहीत. श्रीदेवीने सतरंजी अंथरली आणि समुद्रातल्या बाईची गोष्ट काढली, जिला सीलची कातडी सापडते तिची. सिद्धी पुढेच बसली होती. हाताची पट्टी सुटली होती, खपली दिसत होती. पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत तिने हात वर केला.

"अव्वा, ही पुरी हाय का?"

श्रीदेवीने दारातल्या आयांकडे बघितलं. मग सिद्धीकडे.

"पुरी हाय."

"मग सांगा," सिद्धी म्हणाली, आणि मांडी ठोकून बसली.